मोटारीचे दार आणि दूरचा हात

वार्षिक अंकासाठी काय लिहिणार, असे आमच्या मानसशास्त्राच्या सरांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "सर, मोटारीचे दार." सर हसले. म्हणाले, "दारावर काय लिहिणार? उघडायचे आणि उतरायचे." सरांच्या या वाक्यातच माझ्या लेखाचा विषय दडलेला आहे. उघडणे आणि उतरणे या दोन क्रियांच्या आधी आणखी एक क्रिया असते, ती म्हणजे मागे पाहणे. ती राहून गेली की काय होते, हे मी पाहिले आहे. नव्हे, ते माझ्याच हातून घडले आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात टिळक रस्त्यावर सकाळी आठच्या सुमारास मामांनी मोटार रस्त्याच्या डाव्या कडेला उभी केली. मी मागच्या आसनावर उजवीकडे बसलो होतो. हातात फोन होता. मी दार उघडले आणि त्याच क्षणी दारावर काहीतरी जोरात आदळले. रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी निघालेले पन्नाशीचे एक पहारेकरी रस्त्यावर पडले होते. सुदैवाने मागून येणारी बस दूर होती. त्यांच्या खांद्याजवळचे हाड मोडले. दवाखान्याचा खर्च मामांनी केला. पण सहा आठवडे त्यांना कामावर जाता आले नाही, आणि कंत्राटी नोकरीत गैरहजेरीचा पगार मिळत नाही. मी भेटायला गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "दादा, घंटी वाजवायलासुद्धा वेळ मिळाला नाही हो."

दार उघडण्यापूर्वी मी मागे पाहिले होते की नाही, हे मला आजही आठवत नाही. सारा दोष त्यातच आला.

वेळ का मिळत नाही?

त्या गृहस्थांचे वाक्य मी पुढे आकड्यांत मांडून पाहिले. सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने चालली असेल, तर ती एका सेकंदात चार मीटरहून थोडे अधिक अंतर कापते. अडथळा दिसल्यापासून हात ब्रेकवर आवळला जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, असे धरू. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच चार मीटर संपले. नंतर थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी तीनएक मीटर लागतात. एकूण झाले सात मीटर. लहान मोटारीची लांबी साधारण चार मीटर असते; म्हणजे सायकलस्वार जवळजवळ दोन मोटारींइतका मागे असेल, तरच तो वाचतो. पावसात तेवढेही अंतर पुरत नाही.

दार पूर्ण उघडले की ते रस्त्यात सुमारे एक मीटर पुढे येते. नेमक्या त्याच पट्ट्यातून सायकलस्वार चाललेला असतो, कारण त्याच्या उजवीकडे बसगाड्या आणि मोटारी असतात. सायकलच्या हँडलचे डावे टोक दाराला अडकले की हँडल एकदम डावीकडे वळते आणि स्वार उजवीकडे, म्हणजे वाहत्या रस्त्यावर फेकला जातो. दार चुकवण्यासाठी तो स्वतःच उजवीकडे वळला, तरी धोका तोच. म्हणून दाराची धडक केवळ खरचटण्यावर भागेल की जिवावर बेतेल, हे मागून कोणते वाहन येत आहे त्यावर ठरते.

पाहणे आणि दिसणे

"अरे, मागे बघायचं ना!" असे मामा मला त्या दिवशी म्हणाले. उपदेश योग्यच होता. पण मानसशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला वाटते, की नुसत्या उपदेशाने हे काम होणारे नाही. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या संशोधकांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी वर्गात ऐकला असेल. चेंडू किती वेळा एकाकडून दुसऱ्याकडे गेला, हे चित्रफीत पाहून मोजण्यास प्रेक्षकांना सांगितले होते. मध्येच गोरिलाचा वेष घातलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली. मोजण्यात गुंतलेल्या जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. मोटारीतून उतरणाऱ्याचे मन असेच दुकानात, फोनवर किंवा उशीर झाल्याच्या चिंतेत गुंतलेले असते. ज्या मनाने सावध राहावे, तेच मन त्या क्षणी दुसरीकडे असते.

नियम काही नवा नाही. इतरांना धोका नाही याची खात्री केल्याशिवाय वाहनाचे दार उघडू नये, असे १९६८ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक करारातही म्हटले आहे. परंतु काय करू नये हे नियम सांगतो. हाताला काय करायचे ते शिकवत नाही.

दूरचा हात

ते शिकवणारी एक साधी रीत आहे. दाराजवळच्या हाताने दार उघडू नये. दूरच्या हाताने उघडावे. माणसांपेक्षा सायकली अधिक असलेल्या नेदरलँड्स देशावरून तिला इंग्रजीत 'डच रीच' असे नाव पडले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका निवृत्त डॉक्टरांनी २०१६ साली या नावाने तिचा प्रचार सुरू केला. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीतील २३९ क्रमांकाच्या नियमात तिचा समावेश झाला. ज्यांना शक्य आहे त्यांनी दाराच्या विरुद्ध बाजूच्या हाताने दार उघडावे, असे त्यात सांगितले आहे. तिथेही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक असल्याने त्यांची रीत आपल्याला जशीच्या तशी लागू पडते. चालक उजवीकडे बसतो, म्हणून त्याचा डावा हात. डावीकडे बसलेल्याचा उजवा.

आत्ता बसल्या जागी करून पाहा. उजवीकडे दार आहे असे समजून डावा हात तिकडे न्या. खांदा वळतो, खांद्याबरोबर धड वळते आणि मान आपोआप मागे जाते. नजर आधी बाहेरच्या आरशावर आणि मग खिडकीतून मागच्या रस्त्यावर पडते. शिवाय आडव्या गेलेल्या हाताची पोच कमी असल्याने दार एका झटक्यात पूर्ण उघडता येत नाही. मन विसरले तरी शरीर आठवण करून देते, हेच या रीतीचे मर्म आहे.

अर्थात, मान वळली तरी पाहायचे आपल्यालाच असते. म्हणून दार आधी चार बोटे उघडावे, पुन्हा पाहावे आणि मगच उतरून ते लगेच लावावे. मागच्या आसनावर बसणाऱ्याला आरसा नसतो. त्याने तर वळलेच पाहिजे. डावी बाजू सुरक्षित, असेही कोणी समजू नये. मोटार पदपथापासून थोडी दूर थांबली, की त्या फटीतून सायकली आणि दुचाक्या जातातच. माझ्या आजोबांचा खांदा आखडलेला आहे, त्यांना हात आडवा नेता येत नाही. त्यांच्यासाठी चालकाने मागे पाहून "आता उतरा" असे सांगावे.

सवय कशी लागते?

विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात सवयीवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. नवी सवय अंगी पुरती मुरेपर्यंत तिला एकही अपवाद करू नये, असा त्यांचा सल्ला आहे. मी दाराच्या कडीला तांबडा दोरा बांधून ठेवला होता. पहिले काही दिवस उजवा हातच आधी पुढे जाई आणि दोरा पाहून मागे येई. पुढे मी गाडी चालवायला शिकलो, तेव्हा एक सोय लक्षात आली. चालकाच्या पट्ट्याची खटकी डाव्या बाजूला असते. ती सोडणारा डावा हात तसाच दाराकडे न्यावा. दोरा केव्हाच तुटला, पण हात चुकत नाही.

पुणे ही एके काळी सायकलींची नगरी म्हणून प्रसिद्ध होती. आज सकाळी टिळक रस्त्यावर उभे राहून पाहा. सायकलवर दिसतात ते पेपर टाकणारे, पहारेकरी, मजूर आणि थोडे हौशी लोक. त्यांच्यातल्या बहुतेकांनी सायकल हौसेने निवडलेली नाही. मोटारीत बसलेल्याला दाराकडे वळायला एक क्षण लागतो. तो वाचवला, तर दुसऱ्या कोणाचे सहा आठवडे जातात. पहारेकरीकाका आता पुन्हा सायकल चालवतात, पण उभी मोटार दिसली की उतरून चालत पुढे जातात. ती भीती माझ्या हाताने त्यांच्या मनात घातली आहे, आणि ती काढून टाकणारी कोणतीही रीत मला अजून सापडलेली नाही.

आपल्या महाविद्यालयाच्या फाटकापाशी रोज प्राध्यापकांच्या मोटारी उभ्या राहतात आणि त्यांच्या कडेने मुले सायकलवरून आत येतात. वाचकहो, उद्या सकाळी उतरताना कोणता हात पुढे येतो, तेवढे पाहा.