मेमरी कार्ड किती दिवस पुरेल?

तळोद्यात मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्ह बहुतेक तीन कामांना लागतात: दुकानातला किंवा मळ्यातला कॅमेरा, गाडीतली गाणी, आणि लग्नाचे-होळीचे शूटिंग. तिन्ही ठिकाणी कार्ड वेगवेगळ्या कारणाने जाते. कार्ड आणि पेन ड्राइव्ह दोन्हींत फ्लॅश मेमरी असते; तिच्या खणाखणांत विजेचा भार कोंडलेला असतो. लिहिता-पुसताना खणाची भिंत झिजते, वाचताना जवळपास काहीच झिजत नाही. एकच गाणे दिवसभर वाजवा, कार्डाला फरक पडत नाही. कॅमेरा मात्र कार्ड खातो.

एका खणात एकच बिट ठेवणारी जुनी मेमरी सुमारे १ लाख वेळा लिहून घ्यायची. आता एका खणात तीन बिट कोंबतात आणि आयुष्य साधारण १,००० ते ३,००० वेळांवर येते. स्वस्त कार्डात त्याहूनही कमी. कार्डे स्वस्त झाली ती अशी.

काय करावे

• कॅमेऱ्यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ छापलेले कार्ड घ्यावे, तेही गरजेपेक्षा मोठे. हिशेब सोपा आहे. चोवीस तास चालणारा साधा कॅमेरा दिवसाला २० जीबीच्या आसपास लिहितो. ३२ जीबीचे कार्ड दीड दिवसात भरते आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिले जाते. ते ५०० वेळा टिकले, तर कागदावर दोन वर्षे. त्याच दर्जाचे १२८ जीबीचे कार्ड आठ वर्षे. प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमीच येतात, पण प्रमाण तेच राहते.

• हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग, अशी सेटिंग ठेवावी. पपईच्या मळ्यात वाऱ्याने पाने हलली तरी कॅमेरा जागा होतो, म्हणून फाटक आणि वाट एवढाच भाग निवडावा.

• नवे कार्ड घेतले की एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून तपासावे. वर ५१२ जीबी आणि आत १६, असा माल बाजारात भरपूर आहे.

• जपायचे शूटिंग दोन ठिकाणी ठेवावे, त्यातली एक प्रत हार्ड डिस्कवर. पेन ड्राइव्हवर ठेवलेच, तर कोंडलेला भार हळूहळू गळतो म्हणून वर्षातून एकदा सगळे कॉम्प्युटरवर उतरवून पुन्हा लिहावे. नुसते लावून बघितल्याने भार नव्याने भरेलच असे नाही.

• कॉम्प्युटरमधली एसएसडी, म्हणजे फ्लॅश मेमरीचीच डिस्क, काठोकाठ भरू नये; १५-२० टक्के जागा मोकळी असली की झीज सगळीकडे सारखी वाटली जाते.

काय टाळावे

• ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालची ट्रंक आणि जीपचा डॅशबोर्ड त्याहून तापतात. उष्णतेने कोंडलेला भार लवकर गळतो. लिहिण्याची मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकवावी, असे जेडेक या संस्थेचे मानक सांगते. दर ५ अंशांमागे ही मुदत साधारण निम्मी होते. नवी वस्तू पुष्कळ जास्त टिकते, पण म्हणून ती ट्रंकेत टाकू नये.

• एसएसडीवर डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणे, चालवणे. फायदा शून्य, झीज फुकट.

• लिहिणे चालू असताना कार्ड ओढणे. लाइट जाण्याचा त्रास असेल तर कॅमेऱ्याला छोटा बॅकअप जोडावा.

• फाइल पुसली जात नाही, फॉरमॅट होत नाही, अशा कार्डाशी झटापट करणे. कुलपाची बारीक कळ वर-खाली झालेली नसेल, तर कार्डाने बहुधा हात टेकले आहेत. वाचता येते तोवर सगळे उतरवून घ्यावे आणि कार्ड फेकावे.

वडीलधाऱ्यांच्या आवाजातली भिली-पावरी गाणी ज्यांच्याकडे एकाच कार्डावर आहेत, त्यांनी ती येत्या उन्हाळ्याआधी हार्ड डिस्कवर घ्यावीत.