पाहूनही न दिसणे
(अवधानाविषयी एक पाठ)

'डोळ्यांदेखत घडले, मग तुला दिसले कसे नाही?' हा प्रश्न आपण घरी मुलांस व पंचांपुढे साक्षीदारांस वारंवार विचारितो. उत्तर देणारा एक तर आळशी आहे किंवा लबाड आहे, असा त्या प्रश्नाचा रोख असतो. मानसशास्त्राने तिसरीही एक शक्यता दाखविली आहे. तिचा विचार प्रस्तुत पाठात करण्याचे आम्ही योजिले आहे.

१. अवधानाचे स्वरूप. पुष्कळ गोष्टींतून एक निवडून मनाने तिला धरून राहणे, ह्यास अवधान म्हणतात. एक धरावयाची म्हणजे बाकीच्या सोडणे आलेच. इ.स. १९५३ मध्ये कॉलिन चेरी ह्या इंग्लंडातील संशोधकाने काही लोकांच्या दोन कानांत एकाच वेळी दोन निरनिराळी भाषणे ऐकविली, आणि एका कानातील भाषण मोठ्याने म्हणत जाण्यास सांगितले. ते त्यांस साधले. परंतु दुसऱ्या कानात काय बोलणे झाले, हे त्यांस जवळजवळ काहीच सांगता येईना. तेथे पुरुषाचा आवाज जाऊन स्त्रीचा आला, तर तेवढे कळे. पण इंग्रजी भाषा जाऊन जर्मन आली, हे ध्यानात येत नसे. ह्यावरून १९५८ साली डोनाल्ड ब्रॉडबेंट ह्यांनी असे मत मांडिले की, मनाच्या दाराशी जणू एक गाळणी आहे. तथापि ही गाळणी अगदी पक्की नाही. १९५९ साली नेव्हिल मोरे ह्यांस आढळले की, दुर्लक्षित कानात स्वतःचे नाव आले, तर सुमारे एकतृतीयांश लोकांस ते ऐकू येते.

२. डोळ्यांचीही तीच गत. १९९९ साली डॅनियल सायमन्स व क्रिस्टोफर चॅब्रिस ह्यांनी एक चलच्चित्र दाखविले. त्यात काही जण चेंडू झेलीत होते, व पाहणाऱ्यांनी पांढऱ्या सदऱ्यांच्या मंडळीची झेल मोजावयाची होती. मध्येच गोरिल्ला वानराचे सोंग घेतलेली एक व्यक्ती आली, छाती बडवून निघून गेली. सुमारे अर्ध्या लोकांस ती दिसलीच नाही! हे अडाण्यांचेच होते असे कोणी समजू नये. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फुप्फुसांच्या चित्रांत गाठी शोधणाऱ्या २४ तज्ज्ञ डॉक्टरांपुढे त्याच चित्रांत गोरिल्ल्याचे चित्र घातले होते. २० जणांस ते दिसले नाही. त्यांपैकी कित्येकांची नजर तर थेट त्यावरच पडली होती. म्हणजे नजर पडणे निराळे आणि दिसणे निराळे.

३. न्यायाशी संबंध. जानेवारी १९९५ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरी केनेथ कॉन्ली नामक पोलीस एका संशयिताच्या पाठीस लागून कुंपणावरून चढून गेला. तेथेच जवळ इतर पोलीस साध्या वेषातील एका सहकाऱ्यास गुन्हेगार समजून मारीत होते. 'मी तेथून गेलो, पण मारहाण पाहिली नाही,' असे कॉन्लीने शपथेवर सांगितले. हे कोणास पटेना. १९९८ साली खोट्या शपथेबद्दल त्यास दोषी ठरवून ३४ महिन्यांची शिक्षा फर्माविण्यात आली. पुढे सरकारपक्षाने एका साक्षीदाराविषयीचा कागद बचावपक्षास दिला नव्हता, असे उघड झाले, व दोषसिद्धी रद्द करण्याचा निर्णय २००५ साली वरिष्ठ न्यायालयाने कायम केला. चॅब्रिस व त्यांचे सहकारी ह्यांनी पुढे हाच प्रसंग पडताळून पाहिला. पुढे धावणारा मनुष्य किती वेळा डोक्यास हात लावितो हे मोजीत त्याच्यामागे धावण्यास त्यांनी लोकांस सांगितले, व वाटेच्या कडेस लुटुपुटीची मारामारी घडविली. २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, रात्री शेकडा ३५ व दिवसाढवळ्याही शेकडा ५६ लोकांनाच ती दिसली. कॉन्लीने काय पाहिले, हे ह्यावरून सिद्ध होत नाही. पण त्याचे म्हणणे अशक्य नव्हते, एवढे खास सिद्ध होते.

४. बोध. 'मी असतो तर मला दिसलेच असते,' ह्या भरवशावर कोणास खोटा ठरवू नये. 'तू का पाहिले नाहीस?' असे विचारण्याआधी 'त्या वेळी तुझे चित्त कशात होते?' असे विचारावे. परंतु ह्या ज्ञानाची कोणी सबब करू नये. कर्तव्यात गुंतल्यामुळे जे सुटले, त्याचा दोष लहान. पण चित्त कोठे घालावे, ही निवड बहुधा आपलीच असते. मोटार हाकिताना जो मोबाइल फोनवर बोलत राहतो, त्याचे डोळे रस्त्यावर असूनही पुढे आलेले मूल त्यास न दिसण्याचा संभव असतो; आणि ही निवड त्याने स्वतः केलेली असते.

विचारार्थ प्रश्न : (१) नजर पडणे व दिसणे ह्यांत भेद कोणता? (२) डॉक्टरांच्या उदाहरणावरून काय शिकावे? (३) 'दिसले नाही' असे सांगणाऱ्या कोणास आपण ह्या आठवड्यात खोटे ठरविले काय?