आधी विचारायचं, मग हात लावायचा

अगं, सासूबाई परवा हॉस्पिटलमधून घरी येतील. पलंग, वॉकर, कमोड चेअर यांची धावपळ तू करशीलच. पण खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून घरातला त्यांचा शब्द संपत नाही, हे आधी मनाशी पक्कं कर. अंगाला हात लावायच्या आधी सांगायचं, ‘आई, आता कुशीवर वळवते हं.’ न सांगता ओढलं की माणूस अंग आखडून घेतं आणि जास्तच दुखतं.

कूस दिवसा काय, रात्री काय, साधारण दर २ तासांनी बदलायची, गुडघ्यांमध्ये उशी ठेवून. कुठल्या कुशीवर चालेल ते डॉक्टरांना विचारून घे. अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा रोज नीट बघ. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोड; लाली हटली नाही तर ती बेडसोअरची सुरुवात समज आणि डॉक्टरांना कळव. तिथे तेल चोळायचं नाही. मधे भोक असलेली रबरी गादी कुणी आणून दिली तर तीही नको, तिच्या कडेवर दाब येऊन रक्त अडतं. टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी दे. वर सरकवायचं असेल तर जुनी सुती नऊवारी घडी करून कमरेखाली आडवी घाल, दोघींनी दोन बाजूंनी धरून उचला. फरफटवलं की कातडी सोलवटते. हे मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं, त्यांनी आजेसासूबाईंचं सगळं असंच केलं होतं.

उठवताना घाई नको. पलंगाच्या कडेला पाय सोडून थोडा वेळ बसू दे, मग उभं कर. एकदम उठलं की बीपी उतरतं आणि चक्कर येते. बाथरूमच्या वाटेवरचं पायपुसणं आजच उचल, रात्री तिथे दिवा ठेव.

पाण्याचं मात्र तूच बघ. या वयात तहान कमी लागते, शिवाय रात्री उठावं लागेल म्हणून बायका मुद्दाम पाणी टाळतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोडं थोडं देत राहा. माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागलं, दिवसाची रात्र समजायला लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नको. लघवीचा संसर्ग असतो, सोडियम कमी झालेलं असतं, कधी नुसतं पोट साफ नसतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर.

भरवताना ताठ बसव, हनुवटी जरा खाली, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नको.

मोठ्याने ओरडू नको. वयाबरोबर चिरका आवाज आधी ऐकू येईनासा होतो, आणि ओरडलं की आपला आवाज चिरकाच होतो. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोल. डॉक्टर तुला विचारतील, ‘यांना कसं वाटतंय?’ तू उत्तर देऊ नको, आईंकडे बघ. त्यांना सांगता येतं.

हात चालतात तर काम दे. मेथी निवडणं, शेंगा सोलणं, वाती वळणं. दूधवाल्याचा हिशोब त्या ठेवायच्या ना? तो त्यांच्याकडेच राहू दे, पैसेही त्यांच्या बटव्यातून जाऊ देत. वेळ लागेल, लागू दे. आयुष्यभर ज्यांनी घर चालवलं त्यांना नुसतं बसवून वरणभात भरवणं मला बघवत नाही.

त्या सत्तरी ओलांडलेल्या आहेत. त्यांच्या आधार कार्डावर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेव. २०२४ पासून ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही, योजनेतल्या हॉस्पिटलांत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात.

आणि रात्रपाळी तू एकटीने घेऊ नको. ब्युरोची मावशी परवडत नसेल तर दिराला शनिवार-रविवार दे. मुलगाच आहे तो त्यांचा. नऊवारीचं दुसरं टोक कसं धरायचं ते त्याला आजच दाखव.