कार्पेटखालचा गंज आणि व्यापाऱ्याचे ईमान



मदीनेच्या बाजारातील प्रसंग आपण ऐकलेला आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाही असे बजावले. 'सहीह मुस्लिम'मध्ये ही हदीस आहे. गेल्या पावसाळ्यात मला ती माझ्या मोटारीत आठवली.

धंद्याच्या फेऱ्यांसाठी मी जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून चौदा महिने वापरलेली मोटार घेतली. रंग चकचकीत, इंजिन उत्तम. पंधरा दिवसांत आत कुबट वास येऊ लागला. कार्पेट वरून कोरडे होते. खालचा फोम मात्र भिजलेला आणि पत्र्यावर गंज! मेकॅनिक म्हणाला, "सेठ, काळा रंग मारून विकून टाका. कार्पेट उचलून कोण बघतो?"

त्याच्या बोलण्याकडे शेवटी वळू. आधी गंजाची माहिती घेऊ.

पाणी कोठून येते?

एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी कचऱ्याने तुंबली की पाणी आत उतरते आणि बहुधा डाव्या बाजूच्या पायाखाली साचते. माझ्या गाडीत हेच झाले होते. पुढच्या काचेची किंवा दरवाजाची रबरपट्टी सुटणे, ओल्या छत्र्या व चपला, हीही कारणे असतात. पाणी चिकट आणि गोडसर वासाचे असेल, तर ते रेडिएटरचे समजावे.

मोठी भीती पुरातील गाडीची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ साली सांगली-कोल्हापूर आणि २०२१ साली चिपळूण बुडाले. पाण्याखाली गेलेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येऊ शकते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. मातीचा डाग, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर गंज, ही पुराची लक्षणे आहेत.

गंज किती खोल?

सीटखालच्या बिनरंगी लोखंडावर तांबूस थर येणे दमट हवेत साधी गोष्ट आहे. पण रंगाखाली फुगवटे, जोडावर गंज किंवा स्क्रूड्रायव्हर टोचताच पत्रा खचणे, हे गंभीर आहे.

काय करावे?

१) दुरुस्तीपूर्वी तारखेसह फोटो काढावेत आणि विक्रेत्याला लेखी कळवावे. आधीच रंग मारला तर पुरावा आपल्याच हाताने मिटतो.

२) वॉरंटीचा कागद वाचावा. कित्येक कंपन्या पत्र्याला आरपार भोक पडले तरच गंजाची जबाबदारी घेतात.

३) पाण्याची वाट आधी बंद करावी. मग फोम काढून पूर्ण वाळवावा, गंज तारेच्या ब्रशने घासावा, नंतर प्रायमर आणि रंग द्यावा. ओलीवर रंग दिला तर गंज आतल्या आत वाढतो. सीटखालच्या पिवळ्या प्लगांना हात लावू नये. त्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात.

४) माल विक्री कायदा, १९३० सांगतो की खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता असा दोष पुढे करून त्याला दाद मागणे कठीण जाते. म्हणून कार्पेट उचलूनच सौदा करावा.

५) ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. व्यापारी वापराची खरेदी यात येत नाही. मात्र स्वतः राबून पोट भरण्यासाठी टेंपो घेणारा कारागीर येतो.

शरीअतचा दंडक

फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' नावाचा हक्क आहे. सौद्याच्या वेळी माहीत नसलेला दोष निघाला तर खरेदीदार माल परत करू शकतो. पण दोष कळल्यावरही तो माल राजीखुशीने वापरत राहिला, तर हक्क जातो. तपशील आपल्या आलिमांना विचारावेत.

इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्याचे कापडव्यापारी होते. रिवायत अशी की त्यांनी भागीदाराला एका कापडातील दोष गिऱ्हाइकाला सांगून विकण्यास बजावले होते. भागीदार विसरला आणि गिऱ्हाईक सापडेना. तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सारी रक्कम सदका केली.

आपण कापडवाले दागी थानाची घडी अशी घालतो की डाग आत जातो. कार्पेटखालचा गंज याहून वेगळा कोठे आहे? विक्रेत्याने मला जे दाखवले नाही त्याचा मला राग आला. तेच मी पुढच्या माणसाशी करणार होतो काय? मोह झाला नाही असे म्हणणार नाही.

विक्रेत्याला फोटोंसह पत्र दिले. बरीच खळखळ करून त्याने निम्मा खर्च सोसला. गंज वरवरचा होता, पत्रा वाचला. फोटो आणि दुरुस्तीचे बिल मी गाडीच्या कागदांतच ठेवले आहे. गाडी विकेन त्या दिवशी ते आधी गिऱ्हाइकाच्या हाती देईन. चार पैसे कमी येतील; बरकत मात्र जाणार नाही. अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी देवो. आमीन.