अंतरपाट एकदाच दूर होतो

सांगलीत लग्नाचे फोटो काढायला लागलो ते 1994 साली. तेव्हा मांडवात मला 'फोटोवाले दादा' म्हणत, आता 'काका' म्हणतात. मधल्या काळात धंद्याने जे शिकवलं त्यातलं थोडं लिहितो. कॅमेरा कोणता घ्यावा ते मात्र सोडून. ते विचारणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांतले बहुतेक कॅमेरा घेऊन थांबतात.

1. गडबडीत आधी डायल बघा.

माझा पहिला कॅमेरा पेंटॅक्स के 1000, सेकंडहँड. सगळा यांत्रिक, सेल लागायचा तो फक्त मीटरला. आत कापडाचे दोन पडदे आडवे धावतात. फ्लॅश लावला की स्पीड 60 वर ठेवायचा, कारण त्याहून वेगात अख्खी चौकट एका वेळी उघडी राहतच नाही, नुसती फट सरकत जाते. हे मला पाठ होतं. तरी 1996 च्या एका लग्नात, बाहेर उन्हात वरातीचे फोटो काढताना डायल 125 वर नेला आणि कार्यालयात शिरल्यावर मागे फिरवायचा राहिला. मंगलाष्टकांपासूनचा 36 फोटोंचा पूर्ण रोल तसाच काढला.

रोल कोल्हापूरच्या लॅबमध्ये एस.टी.ने जायचा. चार दिवसांनी प्रिंट आले. जवळजवळ प्रत्येक आडव्या फोटोत अर्धी चौकट उजळ, अर्धी काळी. नवरा हसतोय, नवरी अंधारात. मुलीच्या वडिलांकडे गेलो. वाटलं होतं, शिव्या बसतील. त्यांनी आधी पाणी दिलं, मग फोटो एकेक करून पाहिले, शेवटपर्यंत. मी ॲडव्हान्स परत केला, बाकीचे पैसे मागायचा प्रश्नच नव्हता. आज हातात डिजिटल आहे. फ्लॅश लावला की स्पीड आपोआप आवरता घेतो. तरी कार्यालयाची पायरी चढताना माझा अंगठा डायलवर जातोच.

2. मुहूर्ताआधी गुरुजींना भेटा.

लेन्सचे पैसे वाचवायचे असतील तर हा उपाय. कोण कुठे उभं राहणार, मंगलाष्टकं किती, हौशी आत्याबाईंनी स्वतः रचलेली किती, हे गुरुजींना ठाऊक असतं. मी त्यांच्याच शेजारी, अंतरपाटाच्या कडेला उभा राहतो. तिथून दोघांचेही चेहरे मिळतात. शेवटच्या मंगलाष्टकाला गुरुजींचा आवाज चढतो, तेव्हा बोट बटणावर हवं. मग वाजंत्री, अक्षता, हार, सगळं एकदम. अक्षतांचं एक सांगतो: लेन्सच्या अगदी जवळून उडालेला दाणा फ्लॅशमध्ये रुपयाएवढा पांढरा ठिपका होऊन नवरीच्या गालावर बसतो. म्हणून त्या क्षणी मी फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून हात लांब करून धरतो. आता पुढ्यात मोबाईलची भिंत उभी राहते ती वेगळीच. 'जरा बाजूला व्हा' म्हणून कोणी हलत नाही. 'मावशी, तुमचाच फोटो काढतोय, मोबाईल खाली घ्या' म्हटलं की हलतात.

कानपिळी त्याहून अवघड. नवरीचा भाऊ दोन सेकंदांत कान पिळून मोकळा होतो. त्या पोराला आधीच गाठून ठेवायचं.

3. नातेवाइकांचं काम फुकट करू नका.

फुकटच्या कामात खोट जास्त काढली जाते, आणि पुढच्या घरी तुमचा दर तोच सांगितला जातो. आहेर म्हणून सूट द्या, पण आकडा बोला.

4. चातुर्मासाचं जेवण वैशाखात बाजूला काढा.

आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे मुहूर्त जवळपास बंद. म्हणजे चार महिने मिळकत नाही, भाडं आणि हप्ते मात्र सुरू. त्यात अधिक महिना श्रावणाच्या आसपास आला की चाराचे पाच होतात. पहिल्या दोन वर्षांत मी मे महिन्यातले पैसे पाहून नवी लेन्स घेतली आणि ऑगस्टमध्ये ती सोनाराच्या ओळखीने गहाण ठेवली. पासपोर्ट फोटोंना नाकं मुरडणारे तरुण मला दिसतात. 35 बाय 45 मिलिमीटरच्या त्या तुकड्यांनी आमच्या घरची कितीतरी पावसाळी बिलं भरली आहेत.

5. ग्रुप फोटोत मागच्या ओळीतल्या बुटक्या माणसाला पुढे आणा. एवढंच.

6. लिहून घ्या.

मी काढलेला फोटो माझा, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात तसं नाही. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, उलट करार नसेल तर. काचेच्या कपाटात तुम्ही ज्या नवरीचा फोटो मिरवता, तिच्या नवऱ्याने आक्षेप घेतला की तो गुमान काढावा लागतो. मी काढला आहे. आता पावतीवरच एक ओळ छापली आहे आणि तिच्याखाली सही घेतो. त्याच कागदावर किती फोटो देणार, अल्बम किती पानांचा, रात्री दहानंतर थांबलो तर किती, हेही असतं. व्यवहाराचं बोलणं साखरपुड्याच्या आधी गोड लागतं, वरातीनंतर नाही.

7. बिघडलेलंही फेकू नका.

निगेटिव्ह मी पाकिटात घालून, वर तारीख टाकून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवतो. 2022 मध्ये एक मुलगा आला. म्हणाला, "काका, माझ्या आईबाबांचं लग्न तुम्ही काढलं होतं." तारीख सांगितली आणि माझा हात ट्रंकेच्या कडीवरच थांबला. तोच रोल. त्याला आईबाबांचे फोटो नको होते. आत्या गेली होती, भिंतीवर लावायला तिचा एकही धड फोटो घरात नव्हता. जिथे तिथे ती मान फिरवून उभी.

लग्नात आत्याच करवली होती. करवली नवऱ्याच्या मागे उभी राहते, म्हणजे उजळलेल्या अर्ध्यात. सातव्या निगेटिव्हमध्ये ती होती, हातात कऱ्हा, अंतरपाटाच्या वरून पलीकडच्या वहिनीकडे बघत हसणारी. तेवढाच चेहरा मोठा केला. दाणा फुटला, कडा भुरकट झाल्या, पण डोळे नीट आले. काळी बाजू मी कापून टाकली आणि त्याबद्दल त्याला काही बोललो नाही. बहुधा त्याला घरून माहीत असावं.

फ्रेम काखेत धरून त्याने विचारलं, "किती झाले?"

त्या लग्नाचे पैसे मी परत केले होते. या प्रिंटचे घेतले.