आधी आवाज ओळख, मग पैसे काढ

चिमे, काल फोनवर तू अगदी रडवेली झाली होतीस. पै-पै साठवून घेतलेली पहिली गाडी, हौसेनं नागपूरहून समृद्धी महामार्गावर काढलीस, आणि ताशी शंभरच्या पुढे आत असा घोंगाट की मागे बसलेल्या आईचं बोलणं ऐकू येईना. वर शोरूमवाला म्हणतो, ‘सगळ्याच गाड्यांना असतो, मॅडम.’ त्यावरून तू स्वतःच्या कानांवरच शंका घ्यायला लागलीस, याचं मला जास्त वाईट वाटलं. तुझे कान बरोबर आहेत.

पण त्याचं म्हणणं निम्मं खरंही आहे. समृद्धी काँक्रीटची. पावसात चाक घसरू नये म्हणून अशा रस्त्यावर बारीक रेघा ओढलेल्या असतात, आणि त्यांवरून टायर धावला की एकसुरी ‘हूंऽऽ’ उमटतो. त्यात वेग. ताशी 60 वरून 120 वर गेलीस की टायरचा आवाज साधारण 10 डेसिबलनं चढतो, म्हणजे कानाला जवळजवळ दुप्पट वाटतो. टेस्ट ड्राइव्ह मात्र आपण गावातल्या गावात, चाळिसाच्या वेगानं आणि गाणी लावून घेतो. मीही तशीच घेतली होती.

आणि पुढे काय केलं ते ऐक. घाईघाईनं अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात गाडी दोन दिवस सोडली. चारही दारांच्या आतून डॅम्पिंग शीट, डिकीच्या तळाला शीट, अठरा हजार रुपये गेले. दार लावताना ‘धप्प’ असा भारदस्त आवाज यायला लागला, पण एक्सप्रेसवेच्या तळेगाव टप्प्यावरची गुणगुण होती तशीच. महिन्यानं पंपावरच्या पोरानं सहज हवा मोजली, तर चारही चाकांत 42! दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलं होतं 33. अगं, गाडी यार्डात बरेच दिवस उभी राहिली तर टायर एका जागी चपटा होऊ नये म्हणून हवा जास्त भरतात. ताब्यात देताना ती उतरवायची असते. माझ्या गाडीची कुणी उतरवलीच नव्हती. फुगून कडक झालेला टायर रस्त्यावरची बारीक खडीसुद्धा थेट आत पोचवतो. 33 वर आणल्यावर त्याच तळेगावच्या टप्प्यावर मला फरक कळला, आणि तोही फुकटात.

म्हणून पहिलं काम हवेचं. गाडी रात्रभर उभी असताना, टायर गार असताना मोज, कारण चालवून तापल्यावर आकडा वाढलेला दिसतो. पण शांततेच्या मोहानं स्टिकरपेक्षा कमी करू नकोस. कमी हवेचा टायर वेगात तापतो, आणि समृद्धीवर टायर फुटणं म्हणजे काय हे तुला सांगायला नको.

मग कान लावून बस. काँक्रीट संपून डांबर लागलं की आवाज एकदम उतरतो का? तर तो टायर आणि रस्त्याचा. मोकळ्या रस्त्यावर हळुवार डावीकडे-उजवीकडे वळताना घुमघुम कमी-जास्त होते? मग बेअरिंगवर संशय घे. डावीकडे वळताना वाढली तर बहुधा उजव्या बाजूचं, कारण तेव्हा भार उजवीकडे जातो. आणि आरशापाशी शीळ वाजते ती वाऱ्याची. दारात कागद धरून दार लाव आणि ओढ. कागद सहज निसटला तर तिथली रबराची बीडिंग नीट बसलेली नाही.

बेअरिंग किंवा बीडिंगमध्ये दोष निघाला तर एक पैसा देऊ नकोस, नव्या गाडीत ते वॉरंटीचं काम आहे. तोंडी तक्रार करून परत येऊ नकोस. जॉबकार्डवर लिहून घे: कोणत्या वेगाला, कोणत्या रस्त्यावर, कुठल्या बाजूनं. आणि सर्व्हिसच्या माणसाला शेजारी बसवून त्याच वेगाला ऐकव. टायरची वॉरंटी मात्र बहुधा टायर कंपनीची वेगळी असते, तेवढं लक्षात ठेव.

हे सगळं करूनही खुपत असेल तर डॅम्पिंग जरूर कर, पण चाकांच्या वरच्या कमानी आणि डिकीचा तळ आधी, कारण टायरचा आवाज तिथूनच घुसतो. दाराच्या खालची पाणी निथळायची भोकं बुजवू देऊ नकोस, नाहीतर पावसाळ्यात दार आतून गंजेल. वायरिंगला कुणाला हात लावू देऊ नकोस.

टायर आत्ता बदलू नकोस. रुंद टायर दिसायला छान, पण आवाज वाढवतात. आहेत तेच झिजेपर्यंत वापर, अलाइनमेंट आणि टायरची अदलाबदल वेळच्या वेळी कर, कारण वाकडा खाल्लेला टायर पुढे फार ओरडतो. नवे घेशील तेव्हा त्याच मापाचे, शांत चालणारे माग.

उद्या सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी चारही चाकांची हवा मोज, आणि आकडे मला कळव. मी फोनपाशीच असेन.