परिसर-उपक्रमांतील विद्यार्थ्यांचा सहभाग : अडथळ्यांचा विचार


वृक्षारोपण, प्लास्टिकबंदी, गांडूळखत अशा महाविद्यालयीन उपक्रमांच्या अहवालांत ‘विद्यार्थी उदासीन आहेत’ हे वाक्य वारंवार आढळते. हे वाक्य कारण सांगते, की कारणाचा शोध थांबवते? डहाणू व तलासरी या तालुक्यांच्या संदर्भात आपण हा प्रश्न तपासणार आहोत.

१. पार्श्वभूमी
पर्यावरण हा विषय या भागाला नवा नाही. केंद्र शासनाने १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. दोन्ही तालुक्यांत वारली व अन्य आदिवासी समाजांची मोठी वस्ती आहे. शेत आणि जंगल यांवर ज्यांचे घर चालते, त्यांची मुले निसर्गाविषयी उदासीन कशी असतील?

२. प्रमुख अडथळे
(अ) वेळ : वृक्षारोपण पावसाळ्यात होते आणि त्याच दिवसांत घरी भाताची लावणी असते. पावसाळा सरल्यावर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. तासिका संपल्यानंतर ठेवलेला उपक्रम गावाकडे जाणाऱ्या एस.टी.च्या वेळेशी जुळतोच असे नाही.
(आ) भाषा : फलकावर ‘जैवविविधता संवर्धन’ असे लिहिलेले असते, विद्यार्थ्याला मात्र रानभाजीचे नाव, तिचा हंगाम आणि ती शिजवण्याची रीत वारलीत ठाऊक असते. त्याचा शब्द वर्गात हलका ठरला, की त्यामागचे ज्ञानही गप्प होते.
(इ) निर्णय : कोणते रोप कोठे लावायचे, हे आधीच ठरलेले असते. विद्यार्थ्याच्या वाट्याला खड्डा खणणे आणि छायाचित्रासाठी उभे राहणे एवढेच येते. उन्हाळ्यात त्या रोपाला पाणी कोण घालणार, हे कोणी विचारत नाही.

३. कोसबाडचे उदाहरण
याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती. ‘मुलांना शिक्षणाची आवड नाही’ असा निष्कर्ष न काढता त्यांनी शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा होय. मुले तीच राहिली, बदलली ती शाळेची जागा आणि वेळ.

४. निष्कर्ष
महाविद्यालयांनाही हा मार्ग मोकळा आहे. लावणीचे दिवस टाळून वेळापत्रक आखता येईल, विद्यार्थ्याच्या पाड्यावरील काम उपक्रम म्हणून मान्य करता येईल, रानभाज्यांची नोंदवही वारली व प्रमाण मराठी अशा दोन्ही भाषांत करता येईल. सहभाग मागण्यापूर्वी निर्णयात वाटा द्यावा लागतो.

स्वाध्याय
तुम्ही स्वतः नोकरी, शेती वा घर सांभाळून शिकत आहात. एखाद्या उपक्रमाला तुम्ही अनुपस्थित राहिलात, तो प्रसंग आठवा. ‘उदासीन’ हा शब्द न वापरता त्याचे खरे कारण पाच वाक्यांत लिहा.